गप्प बसवलेली टेस्ट

त्या मार्च महिन्यात संचिता घाडी स्वतःवर खूश होती, आणि तसं असायला कारणही होतं. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मितेशची नऊ माणसांची कंपनी होती. दवाखाने, लॅब, डायलिसिस केंद्रं यांच्यासाठी वेबसाइट बनवायची. संचिता तिथे चार वर्षं होती. पानावर दिसणारं आणि बोटाने दाबता येणारं सगळं तिच्याकडे. गेल्या सहा महिन्यांत तिने एक मोठं काम तडीला नेलं होतं. पूर्वी नवीन काही बाहेर सोडण्याआधी, म्हणजे रिलीजआधी, एक माणूस दोन दिवस बसून पान न् पान हाताने तपासायचा. आता ते काम टेस्ट, म्हणजे तपासणीचे छोटे प्रोग्राम, करत होत्या. आपोआप ब्राउझर उघडायचा, माणसासारखी नावं भरली जायची, बटणं दाबली जायची, आणि अकरा मिनिटांत स्क्रीनवर एकशे चाळीस हिरव्या खुणा उमटायच्या. डोंबिवलीला घरी जाताना संचिताच्या डोळ्यांसमोर कधीकधी त्या खुणाच असायच्या.

जो माणूस दोन दिवस बसून तपासायचा, ते सहदेव वैती. वय छप्पन्न, राहणार कोपरी, तिथलेच पिढीजात. त्यांचे आजोबा मिठागरात होते, वडीलही काही वर्षं होते. सहदेव मात्र तरुणपणीच वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले, आणि ब्रेकचे पार्ट मोजून पास-नापास करण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली. कारखाना बंद पडल्यावर मितेशने त्यांना ऑफिस सांभाळायला घेतलं. पण त्यांची नजर सवयीने खोट शोधायची. "मितेश, हा रकाना भरला नाय तरी पुढं जातंय बघ," असं ते सहज सांगायचे आणि ते खरं निघायचं. अशाने ते कंपनीचे टेस्टर झाले.

फेब्रुवारीत मितेशने विचारलं होतं, "संचिता, आता दर रिलीजला काकांनी सगळं बघायची गरज आहे का?"

"नाही," संचिता म्हणाली होती. "टेस्ट बघतात की सगळं. काकांना नवीन कामांवर घेऊ."

सहदेवकाका तेव्हा समोरच बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, नौपाड्यातल्या डायलिसिस केंद्रातून फोन आला. फोनवर कल्पिता होती. केंद्राचा स्वागतकक्ष तीच सांभाळायची. तिथल्या पेशंटना आठवड्यातून तीनदा मशीनवर यावं लागे. पुढच्या आठवड्याच्या वेळा त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत साइटवरून पक्क्या करायच्या, ज्यांनी केल्या नाहीत त्यांची जागा दुसऱ्याला द्यायची, अशी पद्धत होती. संचितानेच ते पान बनवलं होतं.

"खांबेटे म्हणून आजोबा आहेत," कल्पिता म्हणाली. "त्यांची मंगळवारची वेळ पक्की झालीच नाही. ती जागा दुसऱ्यांना गेली. आजोबांच्या पायांना सूज आली, रात्री धाप लागली. आज सकाळी कसंबसं त्यांना मशीनवर घेतलंय. आता ठीक आहेत. पण आजी म्हणतात, बटणच नाही."

"बटण नाही म्हणजे?"

"तसंच म्हणतात त्या. बटण दिसत नाही."

संचिताने स्वतःच्या फोनवर पान उघडलं. बटण होतं. खाली, जागच्या जागी, निळं, त्यावर 'निश्चित करा' असं लिहिलेलं. तिने टेस्ट पुन्हा चालवल्या. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस हिरव्या. मितेशने खांदे उडवले. "म्हातारी माणसं आहेत यार. चुकून दुसऱ्याच पानावर गेली असतील."

संचितालाही तसंच वाटलं. पण सहदेवकाका खुर्ची मागे सारून उठले. "नौपाडा काय लांब हाय? जाऊन बघू ना. बाई खोटं कशाला सांगतील?"

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दोघं रिक्षाने निघाली. खांबेट्यांचं घर गल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दार आजींनी, मंदाकिनीबाईंनी उघडलं. पंचाहत्तरीच्या, सुती साडी, नाकावर जाड चष्मा. शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या. आजोबा, वसंतराव, खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या हातावर बँडेज होतं आणि चेहऱ्यावर थकवा, पण त्यांनी हसून नमस्कार केला.

"बसा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी कल्पिताला म्हटलं होतं, कुणाला पाठवू नका, माझंच काही चुकत असेल. पण मी शनिवारी सात वेळा प्रयत्न केला हो. सातही वेळा तेच."

"आजी, तुमच्या फोनवर करून दाखवाल?" संचिताने विचारलं.

त्यांनी फोन काढला. अक्षरं केवढी मोठी! फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार शेवटच्या टोकाला नेलेला. संचिताच्या स्क्रीनवर दहा ओळी मावायच्या तिथे इथे चार. मंदाकिनीबाईंनी मंगळवार निवडला, सकाळी आठची वेळ निवडली, पान खाली सरकवत तळाला नेलं. तिथे केंद्राच्या सूचनेची पिवळी पट्टी होती. 'पाण्याच्या टाकीच्या कामामुळे सोमवारी पहिली पाळी अर्धा तास उशिरा सुरू होईल.' संचिताच्या फोनवर ती दोन बारीक ओळींची होती. इथे ती सात ओळींची झाली होती, आणि पानाचा तळ पूर्ण झाकून बसली होती. बटण तिच्या खाली होतं.

"मी या पिवळ्यावर दाबून पाहिलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वाटलं, हेच असेल. मग फोन बंद करून चालू केला. मग केंद्राला फोन लावला, तर सतत व्यस्त."

वसंतराव खिडकीशी बसून म्हणाले, "हिने मला काही सांगितलं नाही. म्हणाली, झालं बुकिंग."

"तुम्हाला काळजी कशाला?" बाई म्हणाल्या. मग संचिताकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "खरं सांगायचं तर मला लाज वाटली. एवढी वर्षं मुलांना शिकवलं, आणि एक बटण सापडू नये."

"आजी, तुमचं काही चुकलं नाही," संचिता म्हणाली.

सहदेवकाकांनी खिशातून आपला फोन काढला आणि बाईंच्या फोनशेजारी धरला. त्यांच्याही फोनची अक्षरं जवळजवळ तेवढीच मोठी होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता त्यांच्या, दोन वर्षांपासून. संचिताच्या लक्षात आलं: काकांनी या फोनवर हे पान एकदा जरी उघडलं असतं, तरी पहिल्या पाच मिनिटांत हे दिसलं असतं. आणि काकांनी उघडायची गरज नाही, हे तिनेच सांगितलं होतं.

परत जाताना दोघं केंद्रात डोकावली. तिथे कल्पिताने आणखी एक गोष्ट सांगितली. असे फोन दर शनिवारी येत होते. अकरा पेशंट होते, बहुतेक वयस्कर. "मी त्यांच्या वतीने इथून टाकून देते," कल्पिता म्हणाली. "मला वाटलं, त्यांना जमत नसेल. गेल्या शनिवारी मी रजेवर होते ना, म्हणून खांबेटे आजोबांचं राहिलं."

ऑफिसात आल्यावर संचिताने जेवणाचा डबाही उघडला नाही. तिला एकच कोडं पडलं होतं. ती वापरत होती ते टूल तसं हुशार होतं. बटणावर दुसरं काही आलं असेल तर ते क्लिक करत नाही, अडून बसतं, 'इथे बोट पोचत नाही' असं सांगतं. मग या टेस्टने आजवर तक्रार का केली नाही? तिने टेस्टचा कोड उघडला. बटण दाबण्याच्या ओळीत शेवटी एक छोटा शब्द होता: 'फोर्स'. म्हणजे मध्ये काही असलं तरी जबरदस्तीने दाब, विचारू नकोस.

तो शब्द कुणी घातला, हे बघायला तिने जुन्या बदलांची यादी उघडली. संचिता घाडी. शुक्रवार, सहा मार्च, संध्याकाळी पाच चाळीस. शेजारी तिनेच लिहिलेली टीप: 'अधूनमधून फेल होणारी टेस्ट दुरुस्त केली.'

तिला तो शुक्रवार आठवला. त्या दिवशी टेस्ट एकदा लाल व्हायची, एकदा हिरवी. चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे पेशंटना न दिसणाऱ्या साइटच्या नकलेवर, कल्पिताने एक लांबलचक सूचना टाकून पाहिली होती. ती पट्टी आधी आली की बटण झाकलं जायचं आणि टेस्ट अडायची. पट्टी उशिरा आली तर टेस्ट निसटून जायची. टूलने स्पष्ट लिहिलं होतं की बटणावर दुसरं काहीतरी येतंय. संचिताने ती ओळ वाचली होती, आणि मनात म्हटलं होतं, ही टेस्टच नाटकं करतेय. संध्याकाळी सहा वाजता रिलीज होतं. एक शब्द टाकला, टेस्ट गप्प बसली, आणि ती समाधानाने घरी गेली.

म्हणजे टेस्टने सांगितलं होतं. पाच आठवडे आधी सांगितलं होतं.

दुपारी मितेशने दोघांना बोलावलं. केंद्राच्या डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला होता. मितेश मेल लिहीत होता, त्याने तो वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, 'हाताने करायच्या तपासणीच्या टप्प्यावर संबंधित टेस्टरकडून ही बाब नजरचुकीने राहून गेली.'

"काका, तुमचं नाव नाही टाकलं मी," मितेश म्हणाला. त्याच्या मनात काही खोट नव्हती. त्याला खरंच तसं वाटलं होतं. "पण असंच झालं असणार ना?"

सहदेवकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "तू लिहिलंस तर तसं असेल," ते म्हणाले.

संचिताला वाटलं, हा क्षण आता आपोआप निघून जाईल. काका काही बोलणार नाहीत. ती जुन्या बदलांची यादी उघडून कुणी बघणार नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि ती बोलली.

"मितेश, काकांनी ते पान बघितलंच नव्हतं. बघू नका म्हणून मी सांगितलेलं. आणि टेस्टने पकडलं होतं. मी तिला गप्प केलं."

"म्हणजे?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. ओळ दाखवली, तारीख दाखवली, त्या दिवशीचा इशारा दाखवला. मितेशने ती ओळ दोनदा वाचली.

"अरे यार," तो शेवटी म्हणाला. "मग डॉक्टरांना काय लिहू?"

"झालं ते लिही. नाहीतर मी लिहिते."

"तू लिही."

संचिताने लिहिलं. सोपं, सरळ, अर्ध्या पानात. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. तिला वाटलं होतं, डॉक्टर रागावतील, काम काढून घेतील. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. आणि एक प्रश्न: 'उद्या तुमच्या टेस्ट पुन्हा अशाच गप्प झाल्या, तर ते तुम्हाला कळणार कसं?'

त्या प्रश्नाने संचिताची झोप उडवली. पट्टी तिने त्याच दिवशी दुरुस्त केली होती, 'फोर्स' काढून टाकला होता. पण उरलेल्या एकशे एकोणचाळीस टेस्टचं काय? त्या हिरव्या होत्या. त्या जाग्या होत्या का?

शुक्रवारी सकाळी ती सहदेवकाकांच्या टेबलाशी गेली. आधी तिला माफी मागायची होती.

"काका, मी तुमचं काम काढून घेतलं आणि..."

"ऱ्हाऊं दे गं," ते म्हणाले. "काल बोललीस ना समोर, झालं. बस. डॉक्टरांनी काय विचारलंय?"

तिने प्रश्न वाचून दाखवला.

"कारखान्यात आमच्याकडे गेज होते. पार्ट आत जातो का नाय, बघायचं. पण गेजच झिजलेला असला तर? तो खराब मालही पास करील. म्हणून आमचा सुपरवायझर रोज सकाळी एक मुद्दाम खराब केलेला पार्ट आणायचा. लाल रंग लावलेला. पैल्यांदा तो गेजमध्ये घालायचा. गेजने त्याला नापास केलं, तरच त्या दिवशीचं काम चालू. नायतर गेज बदला."

"म्हणजे आपण पान मुद्दाम बिघडवायचं?"

"बिघडवून बघू. किती टेस्ट वराडतात ते कळेल."

पुढचे दोन दिवस दोघं शेजारी शेजारी बसून पान बिघडवत होती. बिघाड सुचवायचे काकांनी, कोडमध्ये घालायचे संचिताने, मग टेस्ट चालवून बघायच्या. काकांच्या डोक्यातून एकेक असं निघायचं की संचिता चकित व्हायची. सकाळी आठच्या जागी संध्याकाळी आठ दाखव. पेशंटचं नाव मोठं असलं तर अर्धं काप. 'तुमची वेळ पक्की झाली' असा निरोप दाखव, पण आत काहीच साठवू नकोस. या शेवटच्यावर संचिता म्हणाली, "हे तर नक्की पकडलं जाईल." टेस्ट चालल्या. एकशे चाळीस हिरव्या.

ती खुर्चीत मागे रेलली. टेस्ट फक्त निरोप आला का, हे बघत होती. वेळ खरंच नोंदली गेली का, हे कुठलीच टेस्ट विचारत नव्हती.

चोवीस बिघाड केले. टेस्टनी पंधरा पकडले. नऊ तसेच निसटले. संचिताने ते नऊ एका कागदावर लिहून भिंतीला लावले, मितेशच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. मितेशने ते वाचले आणि त्या महिन्याचं एक रिलीज स्वतःहून पुढे ढकललं. त्या नऊही बिघाडांसाठी टेस्ट नव्याने लिहिल्या गेल्या. प्रत्येक वेळी आधी पान बिघडवायचं, टेस्ट लाल झालेली डोळ्यांनी बघायची, मगच पान नीट करायचं. मोठ्या अक्षरांच्या फोनवर चालणाऱ्या वेगळ्या टेस्टही आल्या. काकांना कोड येत नव्हता, पण टेस्टची नावं ते वाचायला लागले. "हे नाव बरोबर नाय," असंही सांगायला लागले. "ही टेस्ट हे बघतच नाय, मग नाव कशाला तसं?"

आणखी एक गोष्ट ठरली, ती कल्पितामुळे. नवीन पान बाहेर सोडण्याआधी एकदा केंद्रात येऊन पेशंटच्या हातात द्या, ती म्हणाली. मशीनवर चार तास पडून असतात, त्यांनाही विरंगुळा. त्यामुळे मेच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी संचिता आणि सहदेवकाका दोन फोन घेऊन डायलिसिसच्या खोलीत उभी होती. यंत्रांची संथ घरघर, पांढऱ्या चादरी, पलंगाशेजारी बसलेली घरची माणसं. वसंतराव तिसऱ्या पलंगावर होते. मंदाकिनीबाई त्यांच्या उशाशी मासिक वाचत बसल्या होत्या. संचिताला बघून त्यांनी शेजारचं स्टूल पुढे सरकवलं.

चौथ्या पलंगावर गोदाबाई होत्या, कल्याणच्या पुढच्या एका गावातल्या. मशीनला एक हात जोडलेला, म्हणून काकांनी फोन त्यांच्यासमोर धरला आणि त्यांनी मोकळ्या हाताने दिवस निवडला, वेळ निवडली. अक्षरं मोठी, पट्टी बाजूला, बटण स्वच्छ दिसत होतं. गोदाबाईंचं बोट बटणापर्यंत आलं आणि थांबलं.

"दाबा ना, मावशी," काका म्हणाले.

"हे काय लिवलंय?"

"निश्चित करा."

"म्हंजे मी काय करू?"

संचिताने पटकन सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मावशी, मग तिथे काय लिहिलेलं असलं तर तुम्ही दाबाल?"

गोदाबाईंनी विचार केला. "तुमी इचारता ना, येणार का म्हणून? मग लिवा, येते."

पलीकडच्या पलंगावरचा एक गृहस्थ हसून म्हणाला, "आणि आम्ही काय दाबायचं? येते?"

खोलीत हशा पिकला. वसंतरावही हसले, हात हलू नये म्हणून जपून. कुणी म्हणालं 'येतो-येते' दोन्ही लिहा, कुणी म्हणालं दोन बटणं करा. मंदाकिनीबाईंनी मासिक मिटलं.

"'येणार' लिहा," त्या म्हणाल्या. "मी येणार, तुम्ही येणार. बाई असो, पुरुष असो, रूप बदलत नाही."

संचिताने ते वहीत लिहून घेतलं. ऑफिसात परत आल्यावर तिने बटणावरचा शब्द बदलला आणि टेस्ट चालवल्या. चौदा टेस्ट लाल झाल्या, कारण त्या 'निश्चित करा' असं बटण शोधत होत्या. न वाचता सगळीकडे शब्द बदलून त्या हिरव्या करणं दोन मिनिटांचं काम होतं. संचिताने सहदेवकाकांना हाक मारली, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि पहिल्या टेस्टपासून वाचायला सुरुवात केली.